बंदरबंदी

डॉर्कस म्हातारीचा मुलगा एल्काना, एवढा जहाजाचा कप्तान, पण बायकोशी अबोला धरून बसला होता. रिकामा आहेस तर लाकडं तरी फोड, असं टॅबिथा त्याला फटकन बोलली, एवढंच निमित्त. तिनं कॉड माशाचं गरम कढण पुढ्यात ठेवलं तरी हा शिळा पाव चावत बसायचा. "कळू दे तिला माझी किंमत," म्हणायचा.

आज सकाळी टॅबिथानं गाठोडं बांधलं. "आई, सेलमला भावाकडे जाते. तिथं माझ्या हातचं खाणारी माणसं आहेत," ती शांतपणे म्हणाली. रडली असती तर डॉर्कसला जरा बरं वाटलं असतं.

म्हातारी तणतणत मार्बलहेडच्या धक्क्यावर गेली. बांधून पडलेल्या जहाजांसमोर एल्काना चारचौघांना सांगत होता, "इंग्लंडनं आपली जहाजं धरली, तर आपल्या राष्ट्राध्यक्षांनी काय करावं? आपलीच जहाजं आपल्याच बंदरात कोंडली. म्हणे, आपला माल मिळाला नाही की इंग्लंड नाक घासत येईल. ते घेतंय दुसरीकडून, आणि उपाशी आपण. इतका बिनडोक माणूस पाहिलाय कुणी?"

"मी पाहिलाय," डॉर्कस म्हणाली. "त्याची बायको आत्ताच गाठोडं घेऊन सेलमच्या वाटेला लागलीय. राष्ट्राध्यक्षांची बंदी ते उठवतील तेव्हा उठवतील. तुझी तू उठव, आणि आधी तिला गाठ."