शेवरोलेटची चावी

"चालू करू का, मालक?" बॉनेटखालून डोकं काढत खुशालने विचारलं.

"करून दाखव ना आता. आठ दिवस झाले माह्या आंगणात ठोकून राह्यला तू."

खुशालने आत बसून चावी फिरवली. काळी शेवरोलेट आधी थरथरली आणि मग अशी धडधडायला लागली की ओसरीवरच्या कोंबड्या थेट मोहाच्या झाडाखाली पळाल्या. गुणवंतरावांची छाती फुगली. तेंदूपानाचे ठेकेदार ते. धानोऱ्यात खासगी मोटार एकच, आणि तीही त्यांची, एकोणीसशे चाळीसची. तिचं पेट्रोलचं इंजिन वयोमानाने थकलं, म्हणून यंदा शहाऐंशीचा हंगाम संपताच त्यांनी बल्लारपूरहून खुशाल मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं. त्याने गाडीच्या पोटात मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं, खाली जीपचे पाटे आणि नवे शॉकअप टाकले. वरून पाहाल तर जुनीच ठकी, आतून मात्र तरणीताठी.

चक्कर मारायला गुणवंतराव स्वतःच बसले. रांगीच्या रस्त्यावर खड्डे मोजायचे म्हटले तर दिवस पुरायचा नाही, पण पोटातलं पाणी हललं नाही. परत येऊन त्यांनी गाडी अंगणाच्या उतारावर, तोंड रस्त्याकडे करून उभी केली आणि चावी बंद केली. इंजिन आपलं चालूच. खुशालने हात घालून डॅशबोर्डाखालची एक मूठ ओढली, तेव्हा कुठे ते गप्प झालं.

"हट्टी हाये लेकाची," गुणवंतराव हसले.

"हट्टी नाई जी, डिझेल हाये. मालक, चावीचं तुमाले सांगाचं राह्यलं..."

"मले शिकवतं? तू पाळण्यात होता तवापासून स्टेरिंग धरतो मी. आन ते चावी इकडं."

चावी त्यांनी करदोड्याला बांधली आणि वर गाठीवर गाठ मारली. चहाचे कप घेऊन त्यांची बायको रुखमाबाई मागे उभी होती. ही सोमाजी ड्रायव्हरची लेक. बावीस वर्षांपूर्वी या घरात आली, ती तेव्हापासून मोटारीत मागेच बसत होती. मालकीणबाईने पुढे बसलं तर लोक काय म्हणतील!

चावीचा एवढा बंदोबस्त होता तो लेकीसाठी, रंभासाठी. पोरीची चंद्रपूरला नर्सच्या ट्रेनिंगला निवड झाली होती. आज पाचच्या आत हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार. आणि गुणवंतरावांनी तर आरमोरीच्या राइसमिलवाल्याचा मुलगा पक्का करून ठेवलेला. ठेकेदाराच्या लेकीने परक्यांच्या उशाशी रात्री जागायच्या? छे! त्यांनी एसटीच्या कंडक्टरांना सांगितलं होतं, लाकडाच्या ट्रकवाल्यांना दम दिला होता, सायकल तर कुलूप लावून माळ्यावर टाकली होती. तीन दिवस रंभा रडली. आज सकाळपासून मात्र गप्प होती. रडून झालं की पोरी शहाण्या होतात, असं गुणवंतरावांचं ठाम मत होतं.

राहता राहिला खुशाल. तरणा गडी, आणि या आठ दिवसांत त्याला नेलेला चहाचा कप कधी अर्ध्या तासाच्या आत घरात परत आला नव्हता. गुणवंतराव काय दूधखुळे होते? मजुरी चुकती करून ते स्वतः त्याला बाराच्या एसटीवर सोडायला पायीच निघाले. पाचच्या आत चंद्रपूरला पोचवणारी ही शेवटची एसटी. ती सुटली की विषय संपला.

स्टँडवर त्यांनी एसटीत चढून एकेक सीट पाहिली. रंभा नव्हती. खुशाल खिडकीशी बसला होता. खाली उतरून त्यांनी कमरेला हात लावला. चावी जागच्या जागी होती.

"मालक, आता तरी आयका," खिडकीतून खुशाल म्हणाला. "चावी कमरेले बांधा नाई तं तिजोरीत ठेवा. त्या गाडीले चालू व्हाले चावी लागत नाई. इंजिन गरम असलं, गिअर टाकला आन उतारावरून लोटली, का झाली चालू."

गुणवंतरावांना हसू आवरेना. "लोटंल कोन? आन लोटली तरी चालवंल कोन? माह्या गाडीचं स्टेरिंग धरनारे गावात दोघं. एक मी आन एक तू. तू तं इथी बसला."

"दोघंच?" खुशालने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजे तुमाले..."

कंडक्टरने घंटी मारली. गुणवंतरावांनी समाधानाने पान तोंडात टाकलं. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात एसटीच्या मागून हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. ड्रायव्हरने हात बाहेर काढून वाट दिली आणि धुरळ्यातून काळी शेवरोलेट पुढे आली.

गुणवंतरावांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. गाडीत रंभा होती. मांडीवर पत्र्याची पेटी धरून ती ताठ बसली होती. पण ती बसली होती डाव्या अंगाला.

आणि उजव्या अंगाला, पदर कमरेला खोचून, सराईत हाताने वरचा गिअर टाकत होती रुखमाबाई.