पाचवा 'का'

एका गिऱ्हाइकाची सीट चालत्या गाडीत निखळली, तेव्हा जपानमधल्या नागोयाजवळच्या मोटारींच्या कारखान्यात सुधारणा विभागाचे प्रमुख इवाकुरा स्वतः जुळणीच्या लाइनवर उतरले. मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायचं, हे सगळ्यांना शिकवलं होतं त्यांनीच.

"सीटचा बोल्ट सैल का राहिला?"

"पाना घसरतो," बोल्ट आवळणाऱ्या ओनुकीबाई म्हणाल्या.

"का घसरतो?"

"तोंड झिजलंय त्याचं."

"मग बदलला का नाही?"

"दुसरा नव्हता, साहेब."

"का नव्हता?"

"जास्तीचं सामान म्हणजे नासाडी, असं गेल्या वर्षी ठरलं ना. कपाटच उचलून नेलं."

ते कोणी ठरवलं, हे लाइनवर प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याबद्दल इवाकुरांना बक्षीसही मिळालं होतं. सगळे पाचव्या 'का'ची वाट बघत माना खाली घालून उभे राहिले. इवाकुरांचे कान तापले. त्यांनी सावकाश पेनाला टोपण लावलं.

"यापुढे चारच 'का' विचारत चला," ते म्हणाले. "पाचव्यात उगाच वेळ जातो. आणि ओनुकीबाई, पाना जरा घट्ट धरत जा."