राही माहेरी गेली

ब्रह्मदेशाच्या लढाईत ज्ञानूचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला. कुबड्या टेकत तो उंब्रजला उतरला, तेव्हा बायकोला काय सांगायचं ते त्यानं वाटेतच ठरवलं होतं.

"राही, माज्यानं आता शेती व्हायाची न्हाई. तू तरणी हाईस. म्हायेरी जा, मी अडवायचो न्हाई."

सकाळी राहीनं भाकऱ्या थापून ठेवल्या, डोईवर पदर घेतला आणि खरंच निघून गेली. ज्ञानूनं आपणच सांगितलं होतं, तरी त्या भाकऱ्या दिवसभर तशाच झाकून राहिल्या.

दिवस कलताना दारात बैलगाडी थांबली. राही उतरली, पाठोपाठ तिचे वडील आणि त्यांच्या गावचा सुतार. गाडीत बाभळीचा जाडजूड ओंडका होता.

"आबांनी नांगरासाठी वाळवून ठेवलेली बाभळ हाय," राही म्हणाली. "उसाच्या चिखलात उभं ऱ्हायचंय तुमास्नी. पाय पक्का नगं व्हय? बसा, माप घिऊ द्या."

ज्ञानूनं डोळे पुसले आणि हसत पाय पुढं केला.

राही सुताराला म्हणाली, "उंची नीट धरा, दादा. लग्नात ह्ये माज्यापरास ईतभर उंच हुतं."