शनिवारची चूक

बोटीच्या इंजिनाला आग लागली तर काय करायचं, हा धडा प्राप्तीने संगणकावर सुरू केला आणि विनिता शेजारी उभी राहून बघू लागली. पडद्यावरच्या खलाशाने आधी इंजिनावरचं झाकण उघडलं, मग डिझेल बंद केलं.

खलाशांसाठी असे धडे तयार करणाऱ्या अलिबागच्या त्या कचेरीत विनिता सगळ्यांत जुनी. हीच चूक बारा वर्षांपूर्वी तिने केली होती.

"कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारणार, मॅडम? मजकूर कुशलने मेलवर पाठवला, चित्रं मी काढली. उद्या हा धडा बोटींवर जायचाय."

बारा वर्षांपूर्वी कचेरीत चारच माणसं होती. शनिवारी दुपारी त्यांतल्या अनुसूयाबाई नागावहून शहाळी आणायच्या. बोट चालवण्यात हयात गेलेले मुरुडचे म्हातारे तांडेल दत्तात्रेय एसटीने यायचे. मग ज्याने त्याने आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. हसून हसून पुरेवाट व्हायची. विनिताने आगीचा धडा दाखवला त्या शनिवारी मात्र दत्तात्रेय हसले नव्हते.

"बाय, झाकन उघडलंस तं आगीला वारा मिलंल. मानूस न्हाय ऱ्हायचा."

धडा तिथल्या तिथे दुरुस्त झाला. का, ते कुणी लिहून ठेवलं नाही. पुढे माणसं वाढली, काचेच्या भिंती आल्या, दत्तात्रेय वारले. शनिवार कधी बंद पडला, तेही कुणाला कळलं नाही.

प्राप्तीला हळूच सांगून भागलं असतं. विनिता उठली आणि तिने सगळ्यांना काचेच्या खोल्यांतून बाहेर बोलावलं. अकरा जण हातातलं काम टाकून आले.

"ही चूक माझी आहे," ती म्हणाली. "मला माहीत होती आणि तुम्हाला मी ती कधी सांगितली नाही." मग तिने सगळं सांगितलं, दत्तात्रेयांच्या शब्दांत.

प्राप्ती खाली बघत होती. मागून कुशलचा आवाज आला.

"मॅडम, लाइफ जॅकेटच्या धड्यात मी पट्टा उलटा बांधायला शिकवलाय. दोन महिने झाले. सांगायची लाज वाटली."

"कुठल्या कुठल्या बोटींवर गेलाय तो?"

कुशलने खिशातून एक कागद काढला आणि जपून टेबलावर उलगडला. त्यावर नऊ बोटींची नावं होती. पुन्हा पुन्हा उघडून-मिटून घड्यांवर तो कागद विरत आला होता.