कॅमेरा बंद

शाळा ऑनलाइन झाली तशी सातवीतली तनुजा कॅमेरा बंद करून खुशाल झोपायला लागली. हजेरी बुडू नये म्हणून तिची आई, द्वारका, मोबाइल ओट्यावर ठेवून लेकीच्या नावानं उत्तरं लिहू लागली. तिची स्वतःची शाळा सहावीतच थांबली होती. पोळ्या लाटता लाटता तिला समीकरणं सुटायला लागली, आणि ती रोज दहाच्या तासाची वाट बघू लागली.

मग शाळा उघडली. वाघोलीतल्या सगळ्या आया "हुश्श" म्हणाल्या. द्वारका मात्र दहा वाजले की मोबाइल पुसायची, ठेवायची, पुन्हा उचलायची.

आठवड्याभरात श्रद्धा मिसनी तिला शाळेत बोलावलं.

"तनुजाला साधं समीकरण येत नाहीये. ऑनलाइन तर पहिलं उत्तर तिचंच असायचं."

द्वारकेनं मान खाली घातली. "पोरीला बोलू नका मिस. ती उत्तरं माझी हायेत."

"तरीच! अहो, बाकीच्या सगळ्या 'प्रेझेंट मिस' लिहायच्या. एकटी तनुजा 'हजर बाई' लिहायची."

 

मिस हसल्या. "तिचं मी बघते. तुमच्या तासाची लिंक संध्याकाळी सहाला पाठवते. आता कॅमेरा चालू ठेवा."