हिरवा भाग

“लाल दिसतंय तेवढं गेलं,” डॉक्टर पडद्यावर पेन टेकवत म्हणाली. “भाषेचा भाग आहे तो. तुमचे वडील आता बोलणार नाहीत. बाकीचं…”

तिचा फोन वाजला. दोन मिनिटांत येते म्हणून ती गेली.

पडद्यावर मेंदूतल्या रक्ताचा नकाशा होता. गुठळीने रक्त कुठे अडवलं, काय मेलं, काय मरायला टेकलं, सगळं रंगांत मांडलेलं. मुलाने लाल तेवढं पाहिलं. भोवतीच्या हिरव्याचा अर्थ त्याने विचारला नाही. तो ज्या घरात लहानाचा मोठा झाला, तिथे भाषा आणि समज या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. वडील मुद्रितशोधक. दिवसभर छापखान्याची प्रुफं तपासायची आणि संध्याकाळी मुलाला. त्याचं एकही वाक्य त्यांनी धड शेवटाला जाऊ दिलं नाही. तो अडखळला की म्हणायचे, “अर्धवट.” पुढे नातेवाइकांतही तेच त्याचं नाव झालं. आज तो बावन्न वर्षांचा होता.

शेजारच्या खोलीत वडील खाटेवर होते. उजवा हात ओल्या धुण्यासारखा पडलेला. डाव्याने मात्र त्यांनी नर्सचं मनगट घट्ट धरलं होतं.

“आजोबांची पकड बघा. कुस्ती खेळायचे का?”

“नाही. तांबड्या पेनाने माणसं लोळवायचे.”

ती हसत हात सोडवून बाहेर गेली. मुलाने स्टूल ओढलं. वडिलांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खोलीत बऱ्याच वर्षांनी शांतता होती, आणि ती त्याच्या मालकीची होती.

“आई तुम्हाला न सांगता गेली, असं नऊ वर्षं घोकताय तुम्ही,” तो सावकाश म्हणाला. “तसं नव्हतं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात ती शुद्धीवर होती. संध्याकाळपर्यंत ‘ह्यांना बोलवा’ म्हणत होती. तुम्ही घरी प्रुफं तपासत बसला होता. मी फोन केला नाही. मुद्दाम केला नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याची वाक्यं पूर्णविरामापर्यंत पोचली होती.

वडिलांनी हात काढून घेतला. झटका असेल, त्याने स्वतःला समजावलं.

डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आली. तिचा चेहरा उजळला होता.

“मघाशी अर्धंच सांगणं झालं. बोलणं गेलंय, समजणं नाही. तो भाग वेगळा असतो, जरा मागे. हिरवा आहे. म्हणजे उपाशी आहे, पण जिवंत. आत्ताही त्यांना बरंचसं कळतंय. गुठळी लगेच काढली, तर तो बहुतेक पूर्ण वाचेल. ऐकलेलं समजेल, लक्षात राहील. काही जण तर पुढे डाव्या हाताने चार शब्द लिहायलाही शिकतात.”

“आणि नाही काढली तर?”

“तासाभरात हिरव्याचंही लाल होईल. इथे सही करा.”

मुलाने पेन घेतलं. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला.

“घरी विचारावं लागेल,” तो म्हणाला. घरी वडिलांशिवाय दुसरं कोणीच नव्हतं. “मला तासभर द्या.”