मळमळीची गोळी

राजलक्ष्मी, तू नुसतं ऐक, मधी काय बोलू नको. काटेवाडीत खतिजाचाचीनं आपल्या बाटलीतल्या सगळ्या गोळ्या एका वाटीत ओतल्या, वर ताटली झाकली आणि भिंतीपलीकडं कुशाआक्काच्या हातात दिली. सकाळी आक्कानं त्याच वाटीतनं कालवण पाठवलं होतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं न्हाय, हे त्या दोघींचं तीस वर्षांचं. त्या दिवशी वाटीत गोळ्या गेल्या, एवढंच.

दोघींना आजार एकच. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, दम पुरत न्हाय, आणि झालेलं परत बरं होत न्हाय. गावात सगळे दमाच म्हणायचे. आजाराचं नाव सांगितलं रुक्सारनं. तिचे अब्बा त्यातच गेले, नाव कळायच्या आधी. तवापासनं ती बारामतीत, कळंबला, कोऱ्हाळ्यात, कुठं कुठं जाऊन लोकांना गोळा करती आणि सांगती, तपासून घ्या, अंगावर काढू नका. पुण्याच्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी निघाली, तवा ह्या दोघींना तिनंच नेलं. आधी समाजमंदिरात बसवून नीट समजावलं पण. निम्म्यांना औषध मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली, ते डॉक्टरलासुद्धा ठाऊक नसतं.

"मग आपल्याला कसं कळायचं गं?" कुशाआक्कानं विचारलं.

"औषध असलं तर अंगाला कळंलच की, काकू," रुक्सार हसून म्हणाली.

सहज बोलून गेली ती. सगळे हसले, चहा झाला, जो तो घरी गेला.

आणि अंगाला कळलं. दोन महिन्यांत खतिजाचाची टवटवीत. भूक लागायची, दळण घेऊन गिरणीतनं चालत यायची. कुशाआक्काला मात्र गोळी पोटात गेली की मळमळ. भाकरीचा वास नको, चहा नको, अंगावरचं मांस उतरलं. दोघींनी मग आपल्या आपण ठरवून टाकलं. चाचीची गोळी खरी, आक्काची खोटी, आणि वर बाधणारी.

"घरात सून पोटुशी हाय तुझ्या. नातू बघायचाय ना?" चाची म्हणाली. "मग माझ्या तू खा."

"आणि तू गं?"

"तुझ्या मी खाते. चार बाळंतपणं काढलीत आक्का, मला ओकाऱ्यांचं काय कौतुक."

मग दर महिन्याला तेच. पुण्यास्नं जीप आली की नंबराच्या बाटल्या आपापल्या घरी आणि आतल्या गोळ्या भिंतीपलीकडं. मोकळ्या बाटल्या दवाखान्यात परत जायच्या, कुणाला काय संशय न्हाय. पंधरा दिवसांत आक्काची मळमळ थांबली. ती पोटभर जेवायला लागली. तिचा पोरगा जोतीराम, एवढा दांडगा गडी, चाचीच्या पाया पडून गेला. आणि हिकडं चाची मोरीत बसून ओकायची. ओकायची, तोंड पुसायची आणि म्हणायची, आक्काचं माझ्यावर आलंय, येऊ दे.

कारखान्यात उसाचं गळीत सुरू झालं तसा आक्काचा दम तुटायला लागला. नातू झाला. पण त्याला मांडीवर घेऊन बसवतसुद्धा नव्हतं तिला. जोतीरामची बायको बाळ तिच्या शेजारी गोधडीवर ठेवायची आणि आक्का त्याच्या पायाला एक बोट लावून पडायची. संक्रांतीच्या आत गेली. आईनं नातवाचं तोंड बघितलं ते चाचीमुळं, असं जोतीराम अजून सगळ्यांना सांगतो.

आता चाचणी संपली. संपली की ज्याला त्याला कळवतात, तुमची गोळी कुठली होती ते. दोघींचे कागद रुक्सारकडं आले, घरी जाऊन समजावून सांग म्हणून. तिला ही अदलाबदल ठाऊकच नव्हती. कागद घेऊन ती चाचीकडं गेली, आणि तिनं तोंड उघडायच्या आधी चाचीनंच सगळं सांगून टाकलं, पार वाटीपासनं. सांगताना रडली पण. मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्याच खऱ्या होत्या ना गं? मग आक्का का गेली?"

कागदावर दोनच ओळी होत्या. खतिजा, साधी गोळी. कुशाबाई, औषध.

मळमळ औषधाचीच असती, राजे. पोटाला सोसत न्हाय ते, पण फुफ्फुसाला धरून ठेवतं. पयले दोन महिने चाची टवटवीत झाली ती नुसत्या भरवशावर, औषध मिळतंय ह्या. चाचीचं फुफ्फुस वर्षभर जिथल्या तिथं थांबलंय ते त्याच्यावरच. आता दवाखाना म्हणतो, साधी गोळी मिळालेल्यांना हितनं पुढं खरं औषध देऊ. ते खाल्लं तर चाची अजून बरीच वर्षं काढंल.

रुक्सारनं तेवढंच पयलं सांगून बघितलं, की चाची, गोळ्या चालू ठेवायच्यात. तर चाची म्हणाली, "ती मळमळीची मला नको आता. आक्कासाठी खात होते. आक्काच न्हाय तर कशाला खाऊ? माझी पयलीच दे."

दवाखान्याला रुक्सार सगळं सांगणार हाय. अदलाबदल सांगणार, समाजमंदिरातलं आपलं ते 'अंगाला कळंल' बोलणंसुद्धा सांगणार. ते तिचं ठरलंय. पण चाची समोर बसलेली. सांगावं तर तिला कळणार की वर्षभर आपण आक्काचं औषध खाल्लं. न सांगावं तर ती गोळीला हात लावणार न्हाय. आणि बाहेर जोतीराम चपला काढत होता, आईचा कागद घ्यायला आलेला.

तू रुक्सारच्या जागी असतीस तर काय केलं असतंस गं?